सशाचा खेळ

त्या वर्षी पावसानं गवताची माती केली. जून निम्मा सरला तरी आभाळ फाटलेलंच होतं. कापून पसरलेलं गवत वाळायचं सोडून काळं पडलं. हातात घ्यावं तर बुळबुळीत लागायचं, आणि खाली गांडुळांचा बाजार भरलेला असायचा. पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ खोऱ्यात माणसं गाईंवर जगतात आणि गाई हिवाळाभर वाळल्या गवतावर. त्यातच ओढ्याला पूर आला, पूल वाहून गेला आणि दुधाचा टँकर पलीकडंच अडकला. मर्ल हॅझलेटनं टाकीची तोटी उघडून सगळं दूध ओढ्यात सोडलं. पांढरी धार तांबड्या पाण्यात मिसळताना त्यानं बघितली नाही. पाठ करून उभा राहिला आणि टोपीनं तोंड पुसत राहिला.

पूर ओसरल्यावर पुलाच्या जागी फळ्या पडल्या. माल न्यायची मर्लची एकुलती गाडी पुरात बुडाली होती. तिच्या इंजिनाचे तुकडे शेडमध्ये गोणपाटावर मांडून ठेवलेले, जत्रेतल्या दुकानासारखे. फोनची तार खांबावरून लोंबत होती.

"वाळत नाय तर ओलंच भरू," मर्ल म्हणाला. "कुट्टी करून सायलोत टाकू. मुरून मुरघास होईल, गाई खातील."

"उन्हाळ्यात सायलो?" हेटी आजीनं कपाळाला आठ्या घातल्या. "तुझ्या बापानं त्यात मक्याशिवाय काय घातलं नव्हतं. तेपण पानं गळायला लागल्यावर."

"बाप मेला, आई. गाई जित्या आहेत."

मग सगळं घर कामाला जुंपलं. मर्लची मुलगी ग्लेंडा चौदा वर्षांची, हातापायानं काटकुळी, पण दाताळं उचललं की बाप्याला मागं टाकायची. ओल्या गवताचं ओझं खांद्यात बसायचं. यंत्र गवत चावून नळीतून वर फेकायचं आणि सायलोच्या, त्या चारा साठवायच्या उंच मनोऱ्याच्या, गोल पोटात हिरवा पाऊस पडायचा. तिच्या केसांत, कानांत, दातांतसुद्धा गवत. रात्री जेवताना करकर आवाज यायचा.

"आता तुला दावणीलाच बांधायची राहिलीय," आजी म्हणायची.

"मग दूधपण द्यावं लागेल मला."

"तू? तू बादलीला लाथ मारशील."

आणि या सगळ्यात ली, ग्लेंडाचा धाकटा भाऊ. लेलंड त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी उच्चारायचं नाही. अकरा वर्षांचा, बुटका, गोल चेहऱ्याचा, डोळे जरा तिरपे आणि बोलताना जीभ पुढं येणारा. त्याचं काम ठरलेलं होतं: दूध काढायच्या वेळी फाटक उघडायचं आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाईच्या पाठीवर थाप मारायची. एखादीला थाप राहिली तर तो तिला परत बाहेर हाकलायचा आणि नव्यानं आत घ्यायचा. मर्ल कितीही घाईत असला तरी तेवढा थांबायचा.

ली जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "याला घरी नेऊ नका. माया लागेल. सरकारी संस्थेत नाव घाला आणि लवकर दुसरं होऊ द्या." त्याच्या आईनं, अर्लीननं, पोराला कोटात गुंडाळलं आणि घरी आणलं. आठव्या वर्षी शाळेत नेलं तर मास्तरांनी दारातूनच परत पाठवलं. "याला शाळेचा काही उपयोग नाही, बाई, आणि शाळेला याचा नाही."

संस्था म्हणजे काय, हे त्या घराला कुणी सांगायची गरज नव्हती. मर्लचा धाकटा भाऊ एल्विन असाच होता. त्याला न्यायला काळी गाडी आली होती, दारावर सरकारी शिक्का असलेली. हेटी आजी गाडीमागं रस्त्यापर्यंत गेली आणि विचारलं, "परत कधी येईल?" हॅट सारखी करत गाडीतला माणूस म्हणाला, "बघू या." पुढं ती भेटायला गेली तेव्हा एल्विनच्या डोक्यावर केस नव्हते आणि तोंडात दात नव्हते. चावतो म्हणून काढले, असं सांगितलं. तो आईकडं बघायचं सोडून खिडकीकडं बघत बसला. मग एका हिवाळ्यात तो गेल्याचं छापील कार्ड आलं.

म्हणून अर्लीननं लीला सशाचा खेळ शिकवला. रस्त्यावर अनोळखी गाडी वाजली की ती म्हणायची, "ससा." की ली जिथं असेल तिथं दबून बसायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बारीक घ्यायचा. आईनं "ससा गेला" म्हटलं की उठायचं आणि मग साखर लावलेला पाव. पुढं पुढं सांगावंही लागेना. इंजिनाचा आवाज आला की पोरगं आपणहून टेबलाखाली जायचं. ग्लेंडाला पहिल्यांदा गंमत वाटायची. मोठी होत गेली तशी गंमत वाटेनाशी झाली.

पूर ओसरल्यावर टँकर परत सुरू झाला आणि टँकरवाल्यानं बातमी आणली. "सरकारची माणसं घरोघर फिरतायत. शाळेत न जाणारी पोरं शोधतायत. लुळी, मुकी, मंद, सगळी."

"कशाला?" मर्लनं विचारलं.

"मला काय माहीत. पण त्या वळणावरच्या म्हातारीनं म्हणे आपल्या नातीला कपाटात घातलं होतं."

तो हसला. हॅझलेटांच्या गोठ्यात कुणी हसलं नाही.

त्या दिवशी जेवताना मर्ल म्हणाला, "घरात लपवायचं नाय. मागच्या वेळी पाद्र्याच्या बायकोनं त्याचं गुणगुणणं ऐकलं होतं. सायलोच्या पायथ्याची खोली बरी. दगडी भिंती आहेत."

अर्लीननं मान हलवली. ग्लेंडानं लीच्या ताटातले वाटाणे मोजल्यासारखे केले.

गाडी दोन दिवसांनी आली. सायलो नुकताच भरून झाला होता. ग्लेंडा ओसरीवर होती. फळ्यांच्या पुलावर गाडी खडखडली आणि वळणावर दिसली. फिक्या रंगाची होती, पण दारावर शिक्का तोच.

"आई," ती एवढंच म्हणाली.

अर्लीन धुण्याच्या टबावर वाकली होती. चादरी पांढऱ्या करायच्या औषधात हात कोपरापर्यंत. तिनं वर बघितलं आणि हात बाहेर काढले.

"घेऊन जा त्याला. कडी लाव."

ली टेबलाखाली गेलाच होता. ग्लेंडानं त्याचा हात धरला आणि परसदारानं पळत सुटली. चिखलात त्याचा अनवाणी पाय रुतला, तिनं तसाच ओढला. सायलोच्या पायथ्याची खोली म्हणजे दगडी भिंतींची अंधारी जागा. वर सायलोत चढायच्या शिडीची नळी, कोपऱ्यात ओटच्या दाण्यांची लाकडी पेटी आणि गोण्या. आत पाय टाकताच तिच्या नाकात काहीतरी झोंबलं. ओलं गवत आंबतंय, तिला वाटलं. गोठ्यात माश्यांनी नको नको केलेलं, पण इथं एकही माशी उडत नव्हती. दारापाशी जमिनीवर मात्र मेलेल्या माश्यांचा थर पडला होता, मनुका सांडल्यासारखा. तिनं ते बघितलं, पण बघून त्यावर विचार करायला वेळ नव्हता.

"ससा," ती कुजबुजली.

"ग्लेन, अंधार," ली म्हणाला.

"थोडा वेळ. मग पाव. साखर लावून."

"दोन?"

"दोन."

तिनं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. आतून आवाज आला नाही. ससा व्हायला तो घरात सगळ्यांत हुशार होता.

स्वयंपाकघरात बाई बसलीसुद्धा होती. ब्रुबेकरबाई. ठेंगणी, चष्मेवाली, घोट्यापर्यंत चिखल, मांडीवर पिशवी. हेटी आजी समोर बसून तिच्याकडं असं बघत होती, जसं ती रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडं बघते.

"तुमचा पूल हलतो," ब्रुबेकरबाई म्हणाली. "मी डोळे मिटून गाडी घातली."

"उघडे ठेवले असते तर परत गेला असता," आजी म्हणाली.

बाई हसली. मग म्हणाली, "मी कोर्टाच्या हुकमावरून आलेय. आता शाळेनं कुठल्याही मुलाला परत पाठवायचं नाही. चालता येत नसलं तरी, बोलता येत नसलं तरी. शोधून शोधून सगळ्यांना बोलवायचं आहे."

"कुणाला सुचलं हे?" अर्लीननं विचारलं. तिचे हात अजून ओले होते.

"आईबापांना. अशाच मुलांच्या. ते सरकारवर कोर्टात गेले."

"सरकारवर?"

"हो. आणि जिंकले."

अर्लीनच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं, पाण्याखालून मासा गेल्यासारखं. मग ते विझलं. "चांगलं झालं. पण आमच्याकडं तसं कुणी नाय. ही एकटीच. नववीत जाईल."

ब्रुबेकरबाईनं ग्लेंडाकडं बघितलं. ग्लेंडा मान खाली घालून उभी राहिली. बाईची नजर दाराकडं गेली, तिथं मुलाचे छोटे रबरी बूट होते. बाईला ते दिसले, हे ग्लेंडाला दिसलं.

"हिचेच, जुने," अर्लीन म्हणाली.

"पाय बरे वाढलेत मग," ब्रुबेकरबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण ती उठलीही नाही.

बाहेर शेडमध्ये मर्ल हातोडी मारत होता. तो बाईला भेटायला आला नव्हता. काही बोललो तर तोंडातून खरं निघेल, म्हणून तो तिथं लोखंड बडवत बसला होता. ठण, ठण. प्रत्येक ठोक्याला ग्लेंडाच्या मानेची शीर उडायची. बाई आता उठेल, मग उठेल. पण बाई पावसाबद्दल बोलली, मग गवताबद्दल, मग स्वतःच्या बापाच्या गाईंबद्दल.

"तुम्ही गवत कसं वाचवलं?"

"ओलंच भरलं," आजी म्हणाली. "माझा मुलगा हुशार आहे. उन्हाळ्यात सायलो भरतो."

अर्लीनला काहीतरी करायला हवं होतं. तिनं टबातलं फडकं पिळून आणलं. "तुमचे बूट चिखलानं भरलेत. पुसा यानं."

ती ग्लेंडाच्या जवळून गेली आणि फडक्याचा वास आला. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

ग्लेंडाला तो वास ओळखीचा वाटला. आत्ताच कुठंतरी येऊन गेलेला. मग तिच्या डोळ्यांसमोर दारापाशी पडलेला माश्यांचा थर आला.

दर वर्षी पानगळीत मक्यानं सायलो भरला की बाबा त्या खोलीच्या दारावर फळी ठोकायचा. आठवडे जायचे, पण आत कुणी पाऊल टाकायचं नाही. आत विषारी हवा धरते, जड, खाली बसणारी, धुण्याच्या औषधाच्या वासाची. शाळेतल्या लहान पोरालासुद्धा हे माहीत. पण ते पानगळीत. झाडं पिवळी असताना, अंगात स्वेटर असताना. जूनमध्ये ती भीती बाळगायची सवय कुणालाच नव्हती. बाबानं फळी ठोकली नव्हती. आजीनं आठवण केली नव्हती. आणि कडी तिनं स्वतःच्या हातानं घातली होती.

बोलावं तर ली गेला. गप्प बसावं तर ली गेला.

अर्लीननं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी होती: आता फक्त थोडा वेळ, पोरी. ग्लेंडाला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज अगदी बारीक निघाला.

"आई, खोलीत वास येतोय. या फडक्यासारखा."

स्वयंपाकघर थांबलं. आजीचा हात कपावर राहिला. अर्लीनला कळायला एक श्वास लागला. मग तिच्या हातातलं फडकं पडलं.

"मर्ल," ती दारातून ओरडली, आणि तिघी धावल्या. चिखलात चष्मा सावरत ब्रुबेकरबाईसुद्धा धावली. कुणी तिला अडवलं नाही. कुणाच्या ध्यानातच ती नव्हती.

ग्लेंडा पहिली पोहोचली. कडी हाताला येईना, बोटं लाकडासारखी झाली होती. दार उघडलं तर जमिनीलगत पिवळट धुकं, गढूळ चहासारखं. ली जमिनीवर नव्हता. ओट खायला मिळतात म्हणून तो पेटीवर चढला होता आणि गोण्यांवर अंग आकसून पडला होता. दबलेला. अगदी गप्प.

"ससा गेला," ग्लेंडा म्हणाली. "ली, ससा गेला."

तो हलला नाही.

"ससा गेला रे. ससा गेला."

मर्लनं तिला दंडाला धरून मागं फेकलं. त्यानं तोंड उघडून छातीभर हवा घेतली, ओठ मिटले आणि आत शिरला. त्याची पाठ अंधारात वाकली, पेटी खरडली, आणि तो पोराला वासरासारखं खांद्यावर टाकून बाहेर आला. थेट वाऱ्याच्या तोंडाला, फाटकापाशी. तिथं त्यानं त्याला गवतावर ठेवलं आणि स्वतः गुडघ्यावर पडून ओकला.

लीचे ओठ निळसर होते. अर्लीन त्याची छाती चोळत होती, ओल्या हातांनी, आणि काहीतरी पुटपुटत होती ज्यात शब्द नव्हते. मग तो खोकला. असा खोकला की त्याचं सगळं अंग उडालं. डोळे उघडले, लाल, पाण्यानं भरलेले.

"दोन," तो म्हणाला.

ग्लेंडानं त्याला दोन बोटं दाखवली. तिचे दात वाजत होते, उन्हाळ्यात.

"बरा झाला," आजी म्हणाली. "देवा, बरा झाला. आत घ्या त्याला, दूध पाजा."

"नाय," मर्ल अजून गुडघ्यावरच होता. "आत्ता बरा दिसतो. शेजारच्या रॉस मोयरचा भाऊपण सायलोतून काढल्यावर असाच उठून बसला होता. रात्री जेवला, झोपला. सकाळी छातीत पाणी भरून मेलेला. याला दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता."

सगळ्यांनी शेडकडं बघितलं. इंजिन गोणपाटावर पडलं होतं. फोनची तार वाऱ्यावर हलत होती.

मग अर्लीननं मान वळवून फिक्या रंगाच्या गाडीकडं बघितलं. दारावरच्या शिक्क्यावर चिखल उडाला होता, पण तो झाकला गेला नव्हता.

"माझी गाडी आहे," ब्रुबेकरबाई म्हणाली.

अर्लीननं लीला पोटाशी धरलं होतं, इतकं घट्ट की तो परत खोकला. ग्लेंडानं आईचा चेहरा बघितला आणि तिला एल्विनकाकाची गोष्ट आठवली. आईच्या डोळ्यांत ती काळी गाडी होती. आपल्या हातानं त्यात बसवायचं. ज्यासाठी अकरा वर्षं पोराला टेबलाखाली बसवलं, तेच.

"तुम्ही खरंच कुठं नेणार?" अर्लीननं विचारलं.

"दवाखान्यात. तुम्ही मागं बसा, त्याला मांडीवर घ्या. मी दुसऱ्या कुठल्या रस्त्याला वळले तर माझे केस धरा आणि ओढा."

हेटी आजी पुढं झाली. तिनं स्वतः गाडीचं दार उघडलं. "बस, पोरी," ती म्हणाली. "एल्विनला नेलं तेव्हा मला कुणी आत बसवलं नव्हतं."

ग्लेंडा पुढं बसली. काचा खाली केल्या. पुलाच्या फळ्या चाकाखाली उड्या मारत होत्या. या वेळी ब्रुबेकरबाईचे डोळे सताड उघडे होते. वाटेभर ग्लेंडा मागं वळून लीच्या छातीकडं बघत राहिली. वर गेली. खाली आली. वर गेली. मोठ्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा एका फाट्यावर पाटी होती, टेकडीपलीकडच्या संस्थेची. अर्लीनचा हात पुढच्या सीटवर आला, ब्रुबेकरबाईच्या केसांपाशी. बाईनं आरशात बघितलं आणि काही न बोलता सरळ गाडी हाकली. फाटा मागं पडला. हात मात्र तिथंच राहिला, शहर येईपर्यंत.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "मुलाचं नाव?"

थोड्या वेळापूर्वी ज्या बाईनं आमच्याकडं कुणी नाही म्हणून सांगितलं होतं, ती काउंटरला धरून उभी होती. तिच्या कोपरांवर अजून साबणाचा पांढरा थर वाळलेला.

"लेलंड मर्ल हॅझलेट," ती म्हणाली. "माझा मुलगा."

ब्रुबेकरबाई शेजारीच होती. तिनं पिशवी उघडली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

लीला रात्री तिथंच ठेवलं, दुसरी रात्रही. छातीत पाणी झालंच होतं, पण उपचार वेळेत सुरू झाले होते. घरी आल्यावर त्यानं एका बैठकीत दोन पाव खाल्ले आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मधल्या दिवसांत थाप न मिळालेल्या गाईंना त्यानं परत बाहेर काढलं. मर्लनं त्या खोलीच्या दारावर फळी ठोकली. कडी पक्कडीनं उपटून काढली आणि ओढ्यात फेकली.

सप्टेंबरात सकाळी धुकं होतं. गावात अशा मुलांसाठी नवा वर्ग सुरू झाला होता आणि छोटी पिवळी बस खोऱ्यात येणार होती. अर्लीननं लीला नवा शर्ट घातला, वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. ग्लेंडाची बस नंतरची होती, तरी ती फाट्यावर आली. तिघं दुधाच्या कॅनच्या ओट्यापाशी उभी राहिली. ली आपल्या डब्यावर थाप मारत होता.

पुलावर फळ्या वाजल्या.

ग्लेंडानं वळून बघितलं तर ली नव्हता. तो ओट्यामागं दबून बसला होता, डबा पोटाशी धरून, डोळे मिटून, श्वास अगदी बारीक.

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर टोपीवाला म्हातारा होता, तोंडात काडी. "एकच मुलगा ना? का मी चुकून गाई न्यायला आलो?"

अर्लीन हलली नाही. दोनच शब्द म्हणायचे होते आणि ते ती म्हणत नव्हती. ग्लेंडा ते म्हणू शकली असती. तिच्या जिभेवर होते. पण तो खेळ आईचा होता.

"परत कधी आणणार?" अर्लीननं ड्रायव्हरला विचारलं.

म्हाताऱ्यानं काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "दूध काढायच्या आत. मलापण गाई आहेत, बाई."

अर्लीननं ते ऐकलं. जणू ते उत्तर ती दातानं चावून बघत होती. मग ओट्यामागं जाऊन वाकली.

"ससा गेला," ती म्हणाली.

ली उठला, गुडघे झाडले आणि बसमध्ये चढला. चढताना त्यानं ड्रायव्हरच्या पाठीवर एक थाप मारली. म्हातारा दचकला, मग हसायला लागला. बस धुक्यात शिरली, वळणाआड गेली, आवाजही विरला.

अर्लीन ओट्यापाशी उभी होती. हात पोटाशी, खांदे आकसलेले, श्वास इतका बारीक की दिसतच नव्हता. ग्लेंडाची बस आली. चढताना तिनं मागं बघितलं. आई तशीच होती. तिला सोडवायचे शब्द ग्लेंडाला ठाऊक होते, पण ली परत यायला, दूध काढायला, अजून अख्खा दिवस होता.